गरज सरो, वैद्य मरो

१४ जुलै २०१३ हा आपल्याकडील तारेचा शेवटचा दिवस. त्या दिवशी शहरोशहरीच्या तारघरांपुढे माणसांची रीघ लागली होती. तार आली की घरातील बायका आधी रडू लागत आणि मग ती कोणाकडून तरी वाचून घेत, तो काळ पाहिलेले म्हातारे त्या रांगेत होते. आणि ज्यांनी जन्मात तार पाहिली नव्हती असे तरुणही आठवणीदाखल चार शब्द पाठवावेत म्हणून उभे होते. वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले, आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या कडकट्टीचे उत्तरकार्य यथासांग पार पडले. त्यानंतर दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेच्या आरमाराने आपल्या पदरच्या हौशी बिनतारीवाल्यांची संघटना अशीच मोडून टाकली. तिच्या दाराशी मात्र रीघ लागली नाही. लागणार तरी कशी? तिला दारच नव्हते. ती पसरलेली होती खाजगी घरांच्या माळ्यांवर, तळघरांत आणि मोटारी ठेवण्याच्या खोल्यांत. पगार कोणासच नव्हता, म्हणून निवृत्तिवेतनाचा प्रश्न आला नाही. यंत्रे ज्याची त्याची होती, म्हणून लिलाव पुकारावा लागला नाही. इतक्या स्वस्तात मोडता येण्याजोगी संस्था जगात दुसरी क्वचितच असेल, आणि ती मोडली जाण्याचे एक कारण हेच असावे अशी आम्हांस दाट शंका आहे.

सातासमुद्रापलीकडच्या एका आरमाराने आपल्या घरची व्यवस्था कशी लावावी, याची उठाठेव मराठी मासिकाने का करावी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ज्या विचारसरणीने ही संघटना मोडली ती काही एकट्या अमेरिकेची मिरासदारी नाही. जे विकत घेतले तेच भरवशाचे, आणि जे कोणी आपण होऊन दिले ते पोरखेळ, अशी समजूत आज सर्व शहाण्या सरकारांच्या अंगी मुरली आहे. आमच्या सरकारच्या अंगी तर ती जन्मापासूनच आहे. तेव्हा तिची परीक्षा जेथे ती सर्वांत स्पष्ट दिसते तेथे करणे सोयीचे.

प्रथम हे हौशी बिनतारीवाले म्हणजे कोण, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. इंग्रजीत यांस 'हॅम' म्हणतात. सरकारी परीक्षा देऊन, परवाना व संकेतनाम घेऊन, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या किंवा स्वतःच्या हाताने जुळविलेल्या यंत्रावरून हे लोक परस्परांशी बोलतात. नभोवाणीप्रमाणे यांचे काही कार्यक्रम नसतात. धंदा करण्याची तर यांस सक्त मनाई असते. यांची मुख्य मिरास लघुलहरींत. या लहरी जमिनीवरून वर जातात, आयनांबरावर आपटून खाली येतात, पुन्हा वर जातात, आणि अशा उड्या मारीत पृथ्वीच्या पाठीवर कोठेही पोचतात. मध्ये तार नाही, मनोरा नाही, उपग्रह नाही, कंपनी नाही. दोन टोकांस दोन माणसे, दोन यंत्रे आणि मध्ये आकाश; एवढाच त्या व्यवहाराचा प्रपंच. मात्र ते आकाश घटकेघटकेला बदलते. दुपारी जी लहर चालते ती रात्री चालत नाही. उन्हाळ्यात एक, हिवाळ्यात दुसरी. आणि सूर्यावरील डागांचे अकरा वर्षांचे चक्र या सर्वांवर आपला अंमल चालवीत असते. कोणत्या घटकेस कोणती लहर धरावी, खरखरीच्या पुरातून क्षीण आवाज कसा वेचावा, आपला निरोप थेट जात नसेल तर तो तिसऱ्याच्या हाती कसा द्यावा, हे ज्ञान पुस्तकाने येत नाही. रोज कान लावून बसल्याने येते, आणि कान काढून घेतला की जाते. पुढील सर्व विवेचनात वाचकांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

या हौशी लोकांचा आणि लढाऊ खात्याचा संबंध फार जुना. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा रसेल क्लार्क नावाचा एक इंग्रज वकील आणि हिपिस्ले नावाचा सॉमरसेटमधील एक जमीनदार, असे दोघे हौशी गृहस्थ ब्रिटिश आरमाराच्या कचेरीत गेले, आणि जर्मन आरमाराचे संदेश आम्हांस घरबसल्या ऐकू येतात, ते तुम्ही का ऐकत नाही, असे त्यांनी विचारले. त्यांस हंस्टँटन येथे किनाऱ्यावर ठाणे उभारून देण्यात आले, आणि तेथून पकडलेले संदेश आरमाराच्या गुप्तलिपी फोडणाऱ्या शाखेस मिळू लागले. १९१५ साली अमेरिकेत न्यू जर्सीतील ॲपगार नावाच्या हौशी माणसाने तर आणखी कमाल केली. लाँग आयलंडवरील सेव्हिल येथे जर्मन मालकीचे मोठे बिनतारी केंद्र होते. त्याचे रात्रीचे संदेश या पठ्ठ्याने एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतले आणि सरकारच्या हाती दिले. त्याच वर्षी सरकारने ते केंद्र आपल्या ताब्यात घेतले. ज्या कामी सरकारी यंत्रणा अडून बसली होती ते काम एका माणसाने आपल्या राहत्या घरात केले.

दुसऱ्या महायुद्धातील कथा याहूनही बोधक. १९३९ साली युद्ध सुरू होताच इंग्लंडातील हौशी मंडळींचे प्रक्षेपक सरकारने काढून घेतले. परंतु लागलीच कोणा शहाण्याच्या लक्षात आले की, यांची यंत्रे घेतली तरी यांचे कान यांच्यापाशीच आहेत. मग सुमारे दीड हजार लोकांस गुप्ततेची शपथ देऊन कामास लावण्यात आले. दिवसा दुकान, शाळा, कचेरी, आणि रात्री कानाला ऐकण्याचे साधन लावून शत्रूच्या हेरखात्याची क्षीण कडकट्ट टिपीत बसणे, असा यांचा क्रम. टिपलेले कागद 'पेटी क्रमांक २५, बार्नेट' एवढ्याच पत्त्यावर टपालाने जात. त्या कागदांवरून जर्मन हेरखात्याच्या जाळ्याचा पत्ता लागला. शेजारीपाजारी यांजकडे युद्धाला न गेलेले भित्रे म्हणून पाहत, आणि यांस तोंड उघडण्याची सोय नव्हती. १९७९ साली बीबीसीने एक कार्यक्रम केला तेव्हा कोठे ही गोष्ट चारचौघांत आली. तोवर त्यांतील कित्येक जण मरूनही गेले होते.

अमेरिकेने हीच गोष्ट पद्धतशीर केली. तेथील भूसेनेने १९२५ साली हौशी मंडळींची एक संघटना आपल्याशी जोडून घेतली, आणि युद्धानंतर १९४८ साली भूसेना व वायुसेना या दोघींनी मिळून तिला नवे रूप दिले. पुढे साठाच्या दशकारंभी आरमारही त्यात आले. संघटनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळून 'मार्स' असा शब्द होतो. तो रोमन लोकांचा युद्धदेव आणि आमचा मंगळ. या देवाने पुढे जे काम केले ते मात्र मंगळाच्या लौकिकास मुळीच साजेसे नव्हते.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने लाखो तरुण दहा हजार मैलांवर नेऊन टाकले. पत्र जाण्यायेण्यास दिवसच्या दिवस लागत. समुद्रापारचा दूरध्वनी इतका महाग आणि दुर्मिळ की साध्या शिपायाने त्याचे नाव काढू नये. १९६५ पासून व्हिएतनामात मार्सची ठाणी उघडू लागली. रीत अशी होती. तिकडे शिपाई रांगेत उभा राही. ठाण्यावरील माणूस लघुलहरीवरून अमेरिकेतील एखादा स्वयंसेवक गाठी. तो स्वयंसेवक कोणी दुकानदार असे, कोणी सेवानिवृत्त मास्तर असे, कोणी गृहिणी असे. तो आपल्या घरातील दूरध्वनीवरून त्या शिपायाच्या बायकोस किंवा आईस बोलावी, आणि मग एका लहानशा जोडणीने दूरध्वनी व बिनतारी यांची गाठ मारून देई. खर्च पडे तो देशातल्या देशातील दूरध्वनीचा. १९६९ च्या अखेरीस एकट्या भूसेनेची अशी ४७ ठाणी व्हिएतनामात होती, आणि महिन्याला ४२ हजारांवर संभाषणे ती जोडून देत. याखेरीज लेखी निरोप निराळे. ते तारेसारखे हातोहात जात आणि शेवटचा स्वयंसेवक ते टपालात टाकी किंवा घरी वाचून दाखवी.

या संभाषणात एक चमत्कारिक अडचण होती. एका वेळी एकासच बोलता येई. म्हणून आपले बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणावयाचे. तो शब्द ऐकला की मधला माणूस कळ फिरवी आणि मग दुसऱ्यास वाट मिळे. नवविवाहित पोरीला आपल्या मनीचे गूज सांगावयाचे आणि शेवटी सैनिकी थाटात 'ओव्हर' म्हणावयाचे! लाजेने तिचा शब्द अडे, वेळ तर इनमीन तीन मिनिटांचा, आणि मधला अनोळखी मनुष्य कान देऊन बसलेला. तो कान देऊन बसल्यावाचून संभाषण चालतच नसे, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. मुलगा झाला हे बापास कळले ते याच्या कानावरून; बाप वारला हे मुलास कळले ते याच्याच कानावरून. रात्री दोनला उठून लहर उघडली की नाही ते पाहणारा आणि पहाटेपर्यंत परक्यांची सुखदुःखे एका कानातून दुसऱ्या कानात पोचविणारा हा माणूस त्या युद्धाच्या बाजूचा होता की विरुद्ध, हे कोणी त्यास विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. सेनेटर बॅरी गोल्डवॉटर, जे १९६४ साली अध्यक्षपदासाठी उभे राहून सपशेल हरले, त्यांच्या ॲरिझोनातील घरी असेच एक ठाणे होते. तेथील स्वयंसेवकांनी दोन लाखांवर संभाषणे जोडून दिली असे सांगतात. गोल्डवॉटरांचे राजकारण आम्हांस कधीच मानवले नाही. पण त्यांच्या सर्व भाषणांची रद्दी एका पारड्यात आणि हे एक काम दुसऱ्या पारड्यात घातले तर कोणते जड होईल, हे सांगण्यास तराजू लागणार नाही.

याच सुमाराच्या थोडे आधी, दक्षिण ध्रुवावर गेलेल्या आरमारी लोकांची संभाषणे न्यू जर्सीतील एक शाळकरी मुलगा आपल्या घरून जोडून देत असे. शाळेचा अभ्यास, आणि मग रात्री बर्फात अडकलेल्या माणसांच्या घरच्यांस दूरध्वनी! ज्या राष्ट्रात शाळकरी पोरासही आरमाराच्या उपयोगी पडता येते, त्या राष्ट्रात आरमार आणि घर यांमध्ये भिंत फार उंच नसते.

आता या संस्थेस उतरती कळा कशी लागली ते पाहू. प्रगतीचे भाट याचे उत्तर एका शब्दात देतात: उपग्रह. उपग्रह आले, संगणकाची पत्रे आली, खिशातील दूरध्वनी आले. तेव्हा माळ्यावरच्या म्हाताऱ्यांनी आपली खोकी आवरावी हेच योग्य. या म्हणण्यात जेवढे खरे आहे तेवढे आम्ही आधीच पदरात घालून टाकतो. रणांगणावरच्या मुलाचे तोंड पडद्यावर पाहण्याची सोय असता, तीन मिनिटांचे आणि 'ओव्हर'च्या काट्यांनी भरलेले संभाषण कोणती आई पसंत करील? आम्ही तार परत आणा असे म्हणत नाही, आणि टांगाही परत आणा असे म्हणत नाही.

परंतु उपग्रहाने फक्त काम काढून घेतले. माणसे काही त्याने काढून घेतली नव्हती. हौशी बिनतारीचा छंदच मेला, असे जे सांगण्यात येते ते धादांत खोटे आहे. ज्या २०१५ साली आरमाराने आपली संघटना मोडली, त्या वर्षी अमेरिकेत सात लाखांवर परवानाधारक हौशी लोक होते, आणि इतके पूर्वी कधीच नव्हते. पाणी भरपूर होते, पण रहाट मोडला होता; आणि रहाट का मोडला याचे उत्तर आम्हांस त्या संघटनेच्या नावाच्या इतिहासात सापडते. १९४८ साली तिच्या नावात 'हौशी' हा शब्द होता. पुढे तो जाऊन 'संलग्न' हा शब्द आला. २००९ साली तोही गेला आणि 'सहायक' हा आला. हौशी, संलग्न, सहायक! आधी घरचा माणूस, मग पाहुणा, मग ओसरीवरचा गडी. आणि त्याच वेळी कामही बदलले. शिपायांच्या घरचे निरोप हे गौण झाले. सर्व दळणवळण कोलमडेल त्या दिवशी उपयोगी पडण्यासाठी सज्ज राहणे हे मुख्य झाले. कागदावर ही बढती दिसते. वस्तुतः ही त्या संस्थेची मृत्युपत्रिका होती. कारण कधी तरी उगवेल अशा प्रलयाच्या दिवसासाठी माणूस किती रात्री जागेल? निरोप पोचविणाऱ्यास त्याच रात्री फळ मिळत असे. कोणा परक्या आईचे रडणे, हसणे त्याच्या कानी पडे. नुसत्या कवायतीचे संदेश कवायतीच्याच माणसास पाठवून कोणाचा ऊर भरून येतो? तलवार रोज उपसली तर ती पाजळते, आणि म्यानात 'राखीव' ठेवली तर गंजते. मग एक दिवस गंजली म्हणून मोडीत काढावयास कारण मिळते. दरसाल मे महिन्यात सेनादिनाच्या निमित्ताने सैनिकी ठाणी आणि हौशी मंडळी यांची बिनतारीवर भेट घडवून आणण्याचा एक प्रघात अमेरिकेत १९५० पासून पडला आहे. तो चांगलाच आहे. पण बैलास वर्षातून एक दिवस झूल घालून पुरणपोळी खाऊ घातली आणि उरलेले वर्ष गोठ्यात विसरले, तर त्यास शेती म्हणता येत नाही.

गरजच उरली नाही, हे दुसरे म्हणणे. याचा समाचार घेण्यास आम्हांस स्वतःची बुद्धी खर्चण्याचेही कारण नाही. खुद्द अमेरिकेच्या आरमारानेच तो घेऊन ठेवला आहे. ज्या २०१५ साली बिनतारी स्वयंसेवकांस निरोपाचा नारळ देण्यात आला, त्याच वर्षी ॲनापोलिस येथील आरमारी विद्यालयात तारे पाहून जहाज हाकण्याची विद्या पुन्हा शिकवावयास सुरुवात झाली! ही विद्या नव्वदीच्या दशकाअखेर निरुपयोगी म्हणून टाकून दिली होती. उपग्रहांचे मार्गदर्शन शत्रूने बिघडविले तर आपले जहाज आंधळे होईल, ही भीती पुढे त्यांस वाटू लागली, आणि सेक्स्टंट पेटीतून बाहेर निघाले. म्हणजे एका हाताने उपग्रहावरचा अविश्वास अभ्यासक्रमात लिहावयाचा, आणि दुसऱ्या हाताने उपग्रहावाचून बोलू शकणाऱ्या माणसांस घरी पाठवावयाचे. तारे परत बोलाविले कारण ते बोलावल्यावाचूनही जाग्यावर असतात. माणसांचे तसे नसते.

आणि भीती काल्पनिक म्हणावी तर दाखले पाहा. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर तीस लाखांच्या घरात दूरध्वनी मुके केले. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्तो रिको बेटावरील शंभरांतील पंचाण्णव मोबाईल केंद्रे बंद पाडली. तेव्हा रेडक्रॉसने पन्नास हौशी बिनतारीवाले मागितले आणि बावीस गेले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर स्वारी केली, त्याच पहाटे व्हायासॅट कंपनीच्या उपग्रहसेवेवर छुपा हल्ला होऊन युरोपभर हजारो ग्राहकयंत्रे एकाएकी निकामी झाली. युक्रेनच्या सैन्यास त्याचा फटका बसला तो बसलाच, परंतु लढाईशी काडीचा संबंध नसलेल्या जर्मनीतील ५,८०० पवनचक्क्यांचीही दूरवरून देखरेख करण्याची सोय त्याच तडाख्यात गेली. उपग्रह आकाशात सुरक्षितच होता. मोडली ती जमिनीवरची यंत्रे. ज्या साखळीत शंभर कड्या आहेत ती कोणत्या कडीपाशी तुटेल हे शत्रूच ठरवितो. लघुलहरीच्या साखळीत कड्याच दोन. तीही अभेद्य आहे असे आम्ही म्हणत नाही. सूर्य खवळला तर लघुलहरीही मूक होतात, आणि शत्रू त्यांत गोंगाट माजवू शकतो. परंतु सर्वच वाटा एकाच पुलावरून नेणाऱ्या कारभाऱ्यास गावकरी काय म्हणतात, ते येथे लिहिणे शिष्टाचारास सोडून होईल.

या बिघाडात हौशी मंडळींचा काहीच दोष नाही असे मात्र नाही. यांतील पुष्कळांस आता ऐकण्यापेक्षा जमविण्याची हौस अधिक. किमती यंत्रे मांडावयाची, जगातील देशांची यादी पुरी करावयाची, दोन शब्दांत 'ऐकू आलास' म्हणून पुढच्याकडे वळावयाचे. यादी पुरी करणे हा छंद आहे, सेवा नव्हे. तरीही हा दोष कार्य आहे, कारण नव्हे. ज्यांस कोणी काम सांगत नाही ते याद्याच करणार.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सरकारी मनास सर्वांत प्रिय: परक्या, अशिक्षित (म्हणजे सरकारी कवायत न शिकलेल्या) माणसावर युद्धाच्या कामी विश्वास कसा टाकावा? बार्नेटच्या पेटीचे उदाहरण वर दिलेच आहे. दीड हजार माणसांनी वर्षानुवर्षे बायकापोरांपासूनही गुपित राखले. पगारी नोकरांच्या दीड हजारांत असे घडले असते की नाही, याबद्दल आम्ही साशंक आहो.

आणि विश्वास न टाकल्याने काय होते, हे पाहावयाचे असल्यास आमच्या मुंबईइतके चांगले स्थळ नाही. १९३९ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानातीलही हौशी मंडळींची यंत्रे पोलिसांत जमा करविली. पण इंग्लंडात जसे त्याच लोकांस पुन्हा बोलावून कामास लावले, तसे येथे त्या प्रमाणावर करावयाचे धैर्य सरकारास झाले नाही. राज्यकर्त्यास प्रजेचे कान कसे चालतील? नरिमन प्रिंटर या मुंबईच्या हौशी बिनतारीवाल्याने त्याच विद्येचा उपयोग मग दुसरीकडे केला. १९४२ च्या ऑगस्टात 'काँग्रेस रेडिओ' मुंबईत बोलू लागला. उषा मेहता आणि त्यांचे सोबती जागा बदलून बदलून तो चालवीत होते, आणि त्याचा प्रक्षेपक जुळविला होता तो या प्रिंटरांनी. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी तो पकडला आणि उषाबाईंस चार वर्षांची सजा झाली. आम्हांस त्या प्रक्षेपकाचा अभिमान आहे हे सांगावयास नकोच. पण येथे मुद्दा निराळा आहे. परक्या सरकारने या लोकांस भ्यावे हे समजण्यासारखे होते. स्वतःच्या सरकारने का भ्यावे?

वस्तुतः स्वतंत्र भारतात आरंभ उत्तम झाला होता. डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून आपल्या वाचकांस ठाऊक असलेल्या महू येथे, सैन्याच्या दळणवळण विद्यालयात, १५ मे १९४८ रोजी देशातील हौशी बिनतारीवाल्यांची संस्था स्थापन झाली. अमेरिकेत सैन्याने आपल्या संघटनेस नवे रूप दिले तेही याच वर्षी. सैन्याच्या अंगणातच हे रोप लावले गेले होते. पुढे संस्था दिल्लीस गेली, नाव बदलले. पण त्या रोपाचा मार्ससारखा वृक्ष काही झाला नाही. १९३३ चा इंग्रजी कायदा, ज्याने नुसते बिनतारी यंत्र घरात बाळगणेही परवान्यावाचून गुन्हा ठरविले होते, तो स्वराज्यातही दशकानुदशके तसाच नांदला. परवाना मागणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी पोलीस चौकशीस येत, आणि शेजाऱ्यांनी काय समजावयाचे ते समजत. कागद दिल्लीस जाऊन परत येईपर्यंत कित्येकांचे शिक्षण संपे आणि हौसही संपे. अमेरिकेने वैद्यास गरज सरल्यावर हाकलले. आम्ही वैद्यास उंबऱ्यातच उभा करून त्याचे दाखले तपासीत बसलो.

अंदमानात तर हौशी प्रक्षेपणास बरीच वर्षे वावच नव्हता. जागा सरहद्दीची, आरमाराच्या महत्त्वाची. तेव्हा नाही म्हणणे सोपे. अखेर २००४ च्या डिसेंबरात श्रीमती भारती प्रसाद यांच्या एका लहानशा तुकडीस पोर्ट ब्लेअर येथून काही दिवस प्रक्षेपण करण्याची परवानगी मिळाली. जगभरच्या हौशी लोकांस हे दुर्मिळ बेट आपल्या यादीत हवे होते, म्हणून ही सारी खटपट. म्हणजे वर आम्ही ज्या याद्यांस नावे ठेवली त्यांतलीच ही एक. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंपाचा धक्का बसला आणि पाठोपाठ समुद्र आत आला. बेटांचे दूरध्वनी बंद पडले. त्यानंतर कित्येक दिवस अंदमान-निकोबारातील कोण जिवंत आहे आणि कोणाचा पत्ता नाही, याच्या वार्ता भारतीबाई आणि त्यांचे सोबती याच यंत्रांवरून मुख्य भूमीस देत राहिले. नागरी कारभाऱ्यांनी त्यांजकडूनच निरोप नेले-आणले. यंत्रे त्यांनी सोबत आणली होती, माणसे तयार होती, लहर कोणती धरावी हे त्यांस त्याच आठवड्यात रोज बसून कळले होते. परवानगी मात्र हौसेपुरतीच मागितलेली होती, आणि तेवढ्यापुरतीच दिलेली होती.